सर्वांत पातळ पोथी

...आणि वर म्हणे, आबाजी, तुम्ही स्वतःच निवडलंत. तुम्हाला सांगतो, मी काहीही निवडले नाही. मी केवळ हनुवटी हलवली, आणि तीही अशा वेळी, जेव्हा देहातला दुसरा कोणताही अवयव हलवण्याची मला मुभा नव्हती, कारण गळ्यात वीणा होती, आणि सप्ताहातल्या पहाऱ्याचा नियम तुम्ही जाणताच... एकदा उभे राहिलात की पुढचा माणूस येईपर्यंत मुखातले नाम थांबवायचे नाही, जागा सोडायची नाही, आणि आकाश कोसळले तरी वीणा खाली ठेवता येत नाही.

आधी माझा संकल्प सांगतो, म्हणजे माझे काय गेले ते तुमच्या ध्यानात येईल. जन्मभर शाळेत बोललो, निवृत्त झाल्यावर मंदिरात निरूपण करून बोललो, आणि शेवटी आपल्याच आवाजाचा मला असा वीट आला की मी घरात जाहीर केले : हा चैत्रातला सप्ताह पार पडला की दर रविवारी दुपारी मौन. देवापुढे दिवा, हातात जपमाळ, तोंड बंद. त्यावर आमच्या सुमित्राबाई काय म्हणाल्या असतील? "तुमी आन् मौन? आधी मौनावर दोन तास बोलता, मंग बसता तुमी." सोसले. संकल्प केला की थट्टा सोसावीच लागते.

तर दोन हजार पाचचा तो उन्हाळा, भारनियमन असे की दुपारी गेलेली वीज दिवेलागणीपर्यंत तोंड दाखवीत नसे. आमच्या पिपरी मेघेच्या विठ्ठल मंदिरात मात्र सप्ताहासाठी जनरेटर आणलेला, आणि दुपारच्या पहाऱ्यात वीणेकऱ्याला घेरी येऊ नये म्हणून त्याच्यापुढे कूलर ठेवलेला. दुपारचा पहारा माझा. मी रामकृष्णहरि म्हणत उभा आहे, जोडीला टाळ धरून बसलेले मधुकरराव टाळासकट डुलक्या देताहेत, आणि कूलरच्या वाऱ्याला कोण येऊन बसावे? माझा नातू निकेश, त्याची धाकटी बहीण गुंजन, आणि निकेशचा कॉलेजातला मित्र रुपेश. मला वाटले, चला, पोरांना नामाची गोडी लागली. कसली गोडी... तिघांच्या हातांत कसल्याशा खेळांच्या पुस्तकांच्या तीन स्पायरल बांधलेल्या झेरॉक्स.

आता हा खेळ काय, तो मला उभ्या उभ्या जसा समजला तसा सांगतो. सोंगट्या नाहीत, पट नाही. टेबलाभोवती बसून तोंडाने खेळायचा. एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले सुपरहिरो व्हायचे, आणि हिरो उडाला की आपटला ते फासे टाकून ठरवायचे. सुपरहिरो म्हणजे अंगाला चिकटलेले कपडे घालून, तोंड झाकून परोपकार करणारे गृहस्थ. परोपकाराला तोंड का झाकायचे, हे मला आजही कळलेले नाही. आमच्या मंदिराला कोणी पंखा दिला तर तो पात्यांवर स्वतःचे नाव घालून देतो.

असे खेळ तीन, आणि खेळायचा एक. यावर भांडण.

निकेश म्हणतो, "जाडं पुस्तक घेऊ. याच्यात सारं मोजून हाय. उडाची ताकद पायजे, इतके गुण द्या. भिंतीतून जाची पायजे, तितके द्या."

"काऊन रे, तुले हिरो बनाचा हाय का किराणा भराचा हाय?" हा रुपेश. "माहं घेऊ. फासे टाका, हाणामारी चालू."

गुंजन म्हणते, "तुह्या खेळात हाणामारीच हाय, गोष्ट कुठी हाय? माहं पातळंच घेऊ. याच्यात हिरोच्या ताकदीच्या आधी त्याची चूक लिहा लागते."

मी मनात म्हटले, पोरगी शहाणी आहे. शक्ती वाटण्यापूर्वी अहंकाराची जागा दाखवणारा ग्रंथ तो हाच. पण बोलणार कसे? मुखात नाम. त्यांना दटावावे म्हणून मी नामाचा सूर चढवला, डोळे मोठे केले, तर रुपेश म्हणतो, "पाहा, आबाजी रंगात आले." आणि तेवढ्यात त्या गुंजनला सुचले. तिन्ही झेरॉक्स तिने माझ्या पायांशी ओळीने मांडल्या, वीणेला नमस्कार केला आणि म्हणाली, "गळ्यात वीणा हाय. आता आबाजी म्हणतीन ते फायनल."

मी दाराकडे पाहिले. पुढचा पहारा तानबाचा, आणि तानबाचे घर कुठे? नाचणगावला? कारंज्याला? मंदिराच्या मागच्या भिंतीला लागून. तो माझा सोबती, गेली कित्येक वर्षे वीणा माझ्याच हातून घेतो, आणि गेली कित्येक वर्षे उशिरा घेतो. तानबाचा पत्ता नाही, पोरे टक लावून बसलेली, पायांना मुंग्या आलेल्या... निघून जावे म्हटले, तर वीणा खाली ठेवता येत नाही.

इथे माझ्या हातून ती चूक झाली. आम्हा पोथी वाचणाऱ्यांचा एक हिशेब असतो : ग्रंथ जाड असला की पारायणाला महिना, पोथी पातळ असली की एका बैठकीत समाप्ती, आरती, प्रसाद, आपापल्या घरी. मी विचार केला, सर्वांत पातळ खेळ दाखवावा. पोरे चार दिवसांत उरकतील आणि माझे रविवार शांत राहतील. मी हनुवटी हलवली. गुंजनच्या झेरॉक्सकडे.

गुंजन हरखली. निकेशने तोंड पाडून पाने उलटली आणि म्हणाला, "अव, याच्यात तं नियमच नाईत. सारं सूत्रधारालेच सांगा लागते. गाव त्याचं, दुश्मन त्याचा, पाऊस पडला तरी त्यानंच पाडाचा."

ग्रंथ पातळ का होता, हे मला तेव्हा समजले. त्यात जे लिहिलेले नव्हते, ते सारे कोणाच्या तरी तोंडून यायचे होते.

"मंग सूत्रधार कोण?" रुपेश म्हणाला. प्रत्येकाला हिरोच व्हायचे. तिघांनी एकदम मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी जोरजोराने नकाराची मान हलवली. पण मुखात रामकृष्णहरि, हातात वीणा, आणि मान डावीकडून उजवीकडे... तुम्हीच सांगा, ते कसे दिसले असेल?

"डोलले," गुंजन म्हणाली. "आबाजी हो म्हणाले."

मग तानबा आला. "आबाजी, जरासा डोया लागला होता," म्हणत त्याने वीणा गळ्यात घेतली आणि नाम उचलले. मोकळा होताच मी म्हटले, बाळांनो, हे माझ्याने होणार नाही, माझे मौन आहे. गुंजन म्हणते, "तुमीच सांगतलं होतं ना निरूपणात, वीणा गळ्यात असताना देल्लेला शब्द फिरवाचा नाई?" सांगितले होते. पुष्कळ रंगवून सांगितले होते. त्या दिवशी कोणी ऐकत असेल, अशी शंकाही आली नव्हती.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी मी बोलतो. मी एक असुर उभा केला आहे; तो साऱ्या वर्धा जिल्ह्याची वीज गिळतो, आणि पोरे त्याच्या मागे उडतात. पोथीला अध्याय असतात हो, या खेळाला शेवटचा अध्यायच नाही. थांबलो की निकेश म्हणतो, "मंग काय झालं, आबाजी?" सुमित्राबाई चहा ठेवताना विचारतात, "मौन चालू हाय वाटते?"

आणि गंमत ऐका. तानबानेही खेळात नाव घातले आहे. मी म्हटले, सांभाळ, इथे आधी चूक लिहावी लागते. तर म्हणतो, "माही कायची चूक, आबाजी?" आणि शक्ती कोणती घेतली असेल त्याने? मनात आणताच कुठेही जाऊन पोहोचण्याची.

आज रविवार. निकेशचा हिरो मागच्या रविवारपासून पुलगावच्या पुलाला लोंबकळतो आहे, आणि त्याला वाचवू शकेल असा एकटा तानबा. तानबा अजून यायचा आहे. मी आपला पुलाचे वर्णन करीत बसलो आहे, नदीचे झाले, आता वाऱ्याचे चालले आहे... तो येईपर्यंत गोष्ट खाली ठेवता येत नाही.