डेमूतले सिनेमापंडित

सिनेमाचं काही विचारायचं असेल तर आमच्या शमुवेलमामांना विचारा. केडगावला ते आमच्या डेमू गाडीत चढतात, खिडकी धरतात, मोबाईलवर सिनेमा लावतात आणि पुण्याला उतरता उतरता त्याचा निकाल देतात. निकाल म्हणजे निकाल, त्यावर कुणी बोलायचं नाही.

"जुन्या ब्लॅक अँड व्हाईट सिनेमात सुख म्हणून न्हाई. नुसती रडारड."

"आताच्या मारामारीच्या सिनेमात हिरोच मार खातो."

"आन् रहस्यपटवाले तर चक्क फसवत्यात. खून कुणी केला ते सांगतच न्हाईत!"

आम्ही माना डोलवायचो. रोज सिनेमा बघणाऱ्या माणसाशी वाद कोण घालणार?

परवा मांजरी स्टेशनच्या पुढं सिग्नल मिळेना. गाडी तासभर उभी. आम्ही वैतागलेलो, मामा मात्र मोबाईलमध्ये गुंग. अचानक त्यांनी कानातले इअरफोन उपटले. चेहरा पांढराफटक.

"आरं, ह्यो भला डॉक्टरच खुनी निघाला की!"

मी म्हटलं, "मामा, शेवटी खुनी सापडतोच की. एरवी काय होतं?"

"एरवी तवर पुणं येतं."

डब्यात हशा पिकला. मी म्हटलं, "अहो, मग उरलेला सिनेमा परतीच्या गाडीत बघायचा ना!"

मामांनी कीव आल्यासारखं माझ्याकडं पाहिलं.

"परतीला मी दुसरा लावतो. शेवट बघत बसलो तर समदी मतं बदलावी लागतील. मग तुम्ही मला इचारणार कशाला?"