गूळ घालणारा हात

बसा मंडळी, बसा! मागची मंडळी जरा पुढं सरका – खांबाला टेकलेल्या माणसाला झोप लवकर लागते, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे! आणि बापूराव, पेटीचा सूर अर्धी पट्टी खाली घ्या. गळा जुना झाला, कथा मात्र ताजी आहे.

आजचा प्रश्न सोपा वाटेल. दया करावी की करू नये? – हसू नका! करावी, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ती कुणाच्या जिवावर करावी? आं? आता का गप्प झालात? आपल्या जुन्या माणसांनी म्हणूनच ठेवलंय – आयजीच्या जिवावर बायजी उदार! मी आपले दोन मोडकेतोडके चरण जुळवलेत, ते धरा –

दाणा देई हात । आधी पाही वाट ।
कोणाच्या पायांत । काटा रुते ॥

वाहवा, टाळकरी! आता ऐका.

कुसुंबवाडी नावाचं गाव. उसाचं गाव, गुऱ्हाळांचं गाव. त्या गावात रंगराव माने नावाचा गुळव्या. गुळव्या म्हणजे कोण, हे शहरातून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो – उसाचा रस काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, उकळतो, त्याचा गूळ कधी झाला हे ठरवणारा मालक! मालक गुऱ्हाळाचा वेगळा हो, पण काहिलीचा मालक गुळव्याच! रंगनाना वासावरून सांगायचे, ‘उतरवा!’ – आणि तेव्हाच उतरवायची. घटकाभर उशीर झाला की गूळ करपला, आधी उतरवली की पाक राहिला. तीस वर्षांत नानांची एक काहील फसली नाही. सांगताना माझी छाती फुगते मंडळी, कारण असा माणूस आपल्या पंचक्रोशीतला!

पण नानांच्या मनात एक सल होता. काहिलीच्या कडेनं मुंग्या यायच्या. गोडाला मुंगी येणारच – तिला काय निमंत्रणपत्रिका लागते? यायच्या आणि उकळत्या रसात पडायच्या. शेकडो, हजारो. नाना झाऱ्यानं काढायचे, बाजूला टाकायचे. तेव्हा काही वाटलं नाही. पण काम सुटलं, हात रिकामे झाले, आणि रिकाम्या हातांना जुन्या गोष्टी आठवतात! नानांना वाटलं, एवढे जीव आपल्या हातानं गेले. याचं काय?

मग त्यांनी नेम धरला. दर शनिवारी अंगणातल्या मुंग्यांना पीठ आणि गूळ घालायचा. बारा वर्षं! एक शनिवार चुकवायचा नाही.

आपल्याकडं ही रीत जुनीच आहे. मुंग्यांना पीठ-साखर घालणारे इथं बसलेत की नाही? हात वर करू नका, मला माहीत आहेत!

अकरा वर्षं नेम चालला. नाना ताठ मानेनं सांगायचे, “माझ्या अंगणातली मुंगी उपाशी झोपत न्हाई.” आणि खरंच झोपत नव्हती! खाऊन-पिऊन कुळं वाढली. आधी एक वारूळ होतं, तुळशीकट्ट्याच्या बुडाशी. मग गोठ्याच्या कोपऱ्यात एक. मग दारासमोर तीन. भुसभुशीत मातीचे ढीग, आणि आत तांबडी मुंगी – ती काळी गरीब नव्हे हो, तांबडी! चावली की अंगावर निखारा पडल्यासारखं होतं, आणि दुसऱ्या दिवशी पुटकुळी. आगमुंगी!

नानांची बायको हौसाबाई. ती अंगण झाडायची पायात प्लास्टिकच्या पिशव्या बांधून! विचार करा – स्वतःच्या अंगणात! ती म्हणायची, “अवं, आता आवरा की ह्यास्नी.”

नाना म्हणायचे, “त्या वळखतात मला. मला कधी चावल्या का?”

हौसाबाई म्हणायची, “तुम्ही उंबऱ्यावरनं मूठ टाकता आनि आत जाता. चावायला पाय खाली टेकावा लागतो!”

काय बापूराव, घरोघरी मातीच्या चुली की नाही? हां!

आता गोष्टीचा गाभा. नानांची एकुलती एक लेक, वनिता. लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नव्हतं. दवाखाने झाले, नवस झाले. आणि यंदा, मंडळी, वनिताला मुलगी झाली! सासर शहरात, बाळंतपण तिकडंच झालं. सव्वा महिना झाला की बाळाला घेऊन माहेरी यायचं ठरलं. वनितानं फोन केला – लेक बापाची, बापाला चांगलं ओळखते – म्हणाली, “नाना, अंगणातल्या मुंग्या आहेत की गेल्या?”

नाना म्हणाले, “हायत. पर त्या आपल्याला काय करत न्हाईत.”

तिकडून लेक म्हणाली, “बाळ खाली ठेवता येणार नसेल तर मी येत नाही, नाना.” आणि फोन ठेवला.

नानांना राग आला. आपल्या पुण्याला कुणी नाव ठेवलं की माणसाला असाच राग येतो! शिवी दिलेली चालते, पण दानधर्माला नाव? छे! जेवले नाहीत. “आठ वर्षांनी नात झाली, आनि लेक मुंगीपायी माहेर तोडती!” असं म्हणत ओसरीवर बसून राहिले.

आणि चौथ्या दिवशी सकाळी गोठ्यातून हंबरडा आला.

त्यांची गाय व्याली होती, पहाटे कधीतरी. वासरू गोठ्याच्या कोपऱ्यात पडलं होतं – त्याच कोपऱ्यात! ओलं, नवं, उठता न येणारं. आणि त्याच्या डोळ्यांवर, नाकावर, पोटाखाली – तांबडं! नाना धावले. पहिल्यांदाच उंबऱ्याखाली अनवाणी धावले! दोन्ही हातांनी वासरू उचललं, हौदाकडं नेलं, पाणी ओतलं, एकेक मुंगी खुडून काढली. नानांना त्या दिवशी मुंग्या चावल्या, मंडळी. कोपरापर्यंत चावल्या. अकरा वर्षं ओळखणाऱ्या मुंग्या!

वासरू वाचलं. पण डोळे सुजून बंद झाले, तीन दिवस त्याला आईची कास दिसेना. हौसाबाई त्याचं तोंड कासेला लावायची. एकदा तशी बसलेली असताना ती एवढंच बोलली, “ह्ये तरी दोन घटकांत पायावर उभं ऱ्हातंय. लेकरू तर उठूनबी पळणार न्हाई.”

नाना तिथंच गोठ्यात खाली बसले. आणि रडले. गुळव्या रडला!

मग उपाय सुरू झाले. आपल्या गावात उपायाला तोटा आहे का? शेजारचा भगवान आला, म्हणाला, “नाना, रॉकेल वता आनि काडी लावा! एका मिनटात विषय संपतो.” नाना म्हणाले, “विषय संपतो आनि शेजारची कडब्याची गंजीबी संपते. आनि रॉकेल मातीत मुरून माझ्या आडात उतरलं तर पिणार कोन, तू?” भगवान म्हणाला, “मग पावडर मारा, दुकानात जहाल मिळती.” नाना म्हणाले, “कोंबड्या तिथंच चरतात. आनि महिन्यानं तिथंच माझी नात येनार हाय.” भगवान गेला. सल्ला फुकट असतो, त्यामुळं तो परत न्यायला काही त्रास होत नाही!

मग नानांनी आशाताईंना बोलावलं, गावच्या आरोग्याचं बघणाऱ्या. त्या शहाण्या बाईनं नीट सांगितलं. पहिलं – खाऊ घालणं बंद! दुसरं – मोकळ्या जागेतल्या वारुळावर उकळतं पाणी, सकाळी, ऊन कोवळं असताना. तेव्हा मुंग्या अंडी-पिल्लं घेऊन वरच्या थरात येतात. आधी वारूळ ढोसायचं नाही. ढोसलं की राणी खोल पळते. तिसरं – तुळशीजवळ पाणी नको, मुळं शिजतील. तिथं गूळ, शेंगदाण्याचं कूट आणि चिमूटभर टाकणखार. जास्त घातलंत तर मुंगी वाटेतच मरेल, राणीपर्यंत नेणार नाही. हे आमिष झाकणाच्या डबीत, भोकं पाडून, कोंबडी-वासरू-पोर कुणाचा हात पोचणार नाही असं. “आणि नाना, कुणाला चावून तोंड-घसा सुजला, धाप लागली, तर घरगुती काही करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.”

नानांनी सगळं ऐकलं. आणि त्यांचा चेहरा उतरला. का? ओळखा बरं!

अहो, उकळतं! ज्या उकळत्या रसात मुंग्या मेल्या म्हणून अकरा वर्षं नेम केला, तेच उकळतं पाणी आता हातात घ्यायचं! आणि ज्या हातानं गूळ घातला, त्याच हातानं, त्याच जागी, गुळातून विष घालायचं! देवाची पण थट्टा करायची रीत असते हो!

हौसाबाईला ते कळलं. चाळीस वर्षांचा संसार, न बोलता कळतं. ती म्हणाली, “तुम्ही शेतावर जावा. मी करते. मला कसला नेम न्हाई.”

आता इथं लक्ष द्या मंडळी, टाळ खाली ठेवा. या वेळी नव्वद टक्के माणसं काय म्हणतील? ‘बरं, तू कर!’ म्हणतील. पुण्य माझ्या नावावर, पाप बायकोच्या! आपण सगळे असेच! पण रंगनाना उठले. धोतर सोडून पुतण्याची पँट घातली, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवले आणि म्हणाले, “न्हाई हौसा. पोसल्या म्या. शेवटबी म्याच करनार. आनि तोंड लपवून न्हाई.”

काय बोलले! अरे, टाळी वाजवा की!

आणि मग गावानं गुळव्या पाहिला. चूल अंगणातच मांडली, वारुळापासून पाच पावलांवर, गंजीपासून लांब. “उकळतं घिऊन उंबरा वलांडायचा न्हाई” – तीस वर्षांची शिस्त! वासरू लांब बांधलं, हौसाबाईला ओसरीवर बसवलं, बघायला आलेल्यांना कुंपणाबाहेर काढलं. बादली काठोकाठ भरली नाही. लांब दांड्याच्या भांड्यानं, वाकून, बेतानं, आधी कडेनं गोल, मग मधोमध. एक थेंब अंगावर नाही! ओतण्याआधी नानांनी हात जोडले. काय म्हणाले ते कुणाला ऐकू आलं नाही, आणि मीही बनवून सांगणार नाही.

एका दिवसात भागलं? छे! दोन दिवसांनी शेजारी नवा ढीग! परत चूल, परत पाणी. तुळशीकट्ट्याशी डबीही नानांनी स्वतःच्या हातानं ठेवली. रोज बघितली, ताजी केली, हात साबणानं धुतले. घराच्या भिंतींच्या भेगा सिमेंटनं बुजवल्या. पलंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. पाळण्याच्या दोरीला वर आढ्यापाशी एरंडेलात भिजवलेली चिंधी गुंडाळली. पंधरा दिवस गेले, वीस गेले. डबीतला गूळ तसाच राहू लागला. खाणारं कुणी उरलं नव्हतं.

मग नानांनी वनिताला फोन केला. म्हणाले, “ये.”

ती यायच्या दिवशी नानांनी काय केलं असेल? तोरण? रांगोळी? ते हौसाबाईनं केलं. नाना सकाळी सात वाजता सदरा काढून, अनवाणी, अंगणात येऊन खाली मातीत बसले. जिथं मोठं वारूळ होतं, बरोबर तिथं! आठ वाजले, नऊ वाजले. हौसाबाई म्हणाली, “अवं, च्या तरी घ्या!” नाना म्हणाले, “हितंच आन.” दहा वाजता गाडी आली. वनिता उतरली, पदरात बाळ. बापाला उघड्या अंगानं मातीत बसलेलं बघून घाबरली. “नाना! काय झालं?”

नाना म्हणाले, “काय न्हाई. तीन तास बसलोय. एकबी चावली न्हाई. आन, ठेव हिला खाली.”

लेकीचे डोळे भरले. घोंगडी अंथरली, आणि नात अंगणात ठेवली – आजोबांच्या मांडीशी, त्या मातीवर!

भगवान कुंपणावरून ओरडलाच – गावात असा एक असतोच! – “नाना, अकरा वर्षांचं पुण्य गेलं की वो!”

नानांनी मान वर केली. गूळ उतरवताना करायचे तशी, ताठ! म्हणाले, “गेलं तर गेलं. देवानं इचारलं तर सांगीन, मारल्या. ह्याच हातांनी मारल्या. आनि ह्याच हातांनी नातीला जमिनीवर ठिवलं. मग त्यानं काय द्यायची ती शिक्षा द्यावी!”

आणि राहिलेलं एक वर्ष? नाना नेम पुरा करताहेत, मंडळी! दर शनिवारी दोन मैल चालून माळावर जातात, जिथं कुणाचं पोर झोपत नाही, कुणाचं जनावर बसत नाही. तिथं मूठभर पीठ घालतात. आता मात्र खाली बसून घालतात.

झाली कथा. आता तुमच्याकडं वळतो. पायताण शोधू नका, बसा! अंगणातली वारुळं तुम्हाला दिसतात, उपायही सांगितला – पाणी जपून, आमिष झाकून, रॉकेल-काडी बिलकूल नाही. पण मनाच्या उंबऱ्यावरनं रोज मूठभर गूळ टाकून काय काय पोसलंय तुम्ही? भावाबद्दलची अढी? पोराचे फाजील लाड? शेजाऱ्याबद्दलचा संशय? ‘मला कुठं चावतंय,’ म्हणता! तुम्हाला नाही चावत हो, तुम्ही उंबऱ्यावर उभे आहात! चावतंय ते अंगण झाडणाऱ्या बाईला, उठता न येणाऱ्या वासराला. उद्या सकाळी एकदा स्वतःच्या घरात अनवाणी खाली बसून बघा. आणि चावलं, तर दुसऱ्याला पुढं करू नका. पोसलं कुणी?

धरा चरण, सगळ्यांनी, मागच्या खांबवाल्यांनीसुद्धा –

दाणा देई हात । आधी पाही वाट ।
कोणाच्या पायांत । काटा रुते ॥