घर पाहायला आलेला माणूस

रुख्मा : खाली नका बसू जी. खुर्चीवर बसा. पाहुन्याईसाठीच आनून ठेवली.

पाहुणा : चटई चालते हो मला. बिसरामभाऊंचं घर हेच ना?

रुख्मा : हेच. अन् तुमचं नाव-गाव सांगू नका. मी काही इचारत नाही.

पाहुणा : विचारत नाही? का बरं?

रुख्मा : सोयरीक जुळवनाऱ्या लीलाबाईनं सांगून ठेवलं मले. या हप्त्यात कोहमाऱ्याहून एक मानूस येईल म्हने, मोटारसायकलवर. पोरगी पाहाले मंडळी मागून येतीन, आधी हा घर पाहून जाईल. तो आपली वळख देनार नाही, तू बी इचारू नको म्हने. आमच्या इकडं असंच चालते. तवा तुमी आरामात पाहा.

पाहुणा : असं होय. आलो तर कोहमाऱ्यावरूनच.

रुख्मा : पाहा! मोटारसायकल दिसली अन् मले समजलं.

पाहुणा : लीलाबाई हुशार आहेत. बरं, बिसरामभाऊंच्या हाताबद्दल कानावर आलं होतं. खरं का ते?

रुख्मा : येनारच कानावर. लोकाईले दुसरा धंदा काय? हो जी, उजवा हात गेला. गोंदियाले राइस मिलमंदी होते. दोन वर्सं व्हाले आले. लपवून का करू?

पाहुणा : कोपराखाली किती राहिला? पाच इंच?

रुख्मा : असन तेवढा. पन कामाले काही अडत नाही. देवाशपथ नाही म्हनत मी, आमी बुद्धाचे लोक, पन खरं सांगते. धानाचं पोतं उचलतेत. सायकल चालवतेत. गाईचं दूध काढतेत एका हातानं. दोन हाताचे मानसं मागं पडतीन.

पाहुणा : पोतं? एका हातानं?

रुख्मा : पाठीवर टाकतेत अन् नेतेत. तुमाले कोनी म्हटलं असन का बाप लुला आहे, उद्या जावयाच्या डोक्यावर बसन. साकोलीचे पाहुने हेच म्हनून परत गेले. तसं नाही जी. हे घर त्याईच्याच जोरावर चालते.

पाहुणा : अन् घेतात का थोडी? मिलमधले हमाल थकवा घालवायला घेतात, म्हणून विचारतो.

रुख्मा : अजिबात नाही. पंचशील मानतेत. दारू सोडा, तंबाखू बी नाही.

पाहुणा : हं. दारू नाही. बरं, भाऊ आहेत का घरात? भेटलो असतो.

रुख्मा : मागं आहेत. पाठवते. तवर चाय मांडते मी. दूध ताजं आहे.

पाहुणा : आरामात करा. मी अंगणात एक फोन लावतो.

(ती आत जाते. मागच्या खोलीत बिसराम बाजेवर पडलेला आहे.)

बिसराम : कोन आलं वो?

रुख्मा : हळू बोला. कोहमाऱ्याचा मानूस आला. उठा, फुल बाहीचा शर्ट घाला.

बिसराम : बटनं तूच लाव मंग.

रुख्मा : लावते. नाडी बी बांधून देते, उभे राहा. अन् आयका, मी सांगतलं त्याले, तुमी पोतं उचलता, गाय दोहता म्हनून.

बिसराम : मी? मले अंग पुसता येत नाही धड. गाय तं तू दोहते. दोन वर्सं झाले, सारं बंदं तूच करून राहिली.

रुख्मा : साकोलीवाल्याईले खरं सांगतलं होतं ना? काय भेटलं? खरं सांगून पोरगी घरी बसली. आता खोटं सांगून पाहू.

बिसराम : वकीलसाहेब का म्हनले होते? कोनापाशी काही बोलाचं नाही. डॉक्टरनं कागदावर साठ टक्के लिहिलं, पन हमालाचा उजवा हात गेला म्हनजे त्याचं बंदं कमावनं गेलं. आपून शंभर टक्के मांगून राहिलो कोर्टात.

रुख्मा : ते कोर्टाचं. हा लग्नाचा मानूस. गोंदियाचं कोर्ट अन् कोहमाऱ्याची सोयरीक, याचा त्याचा संबंध काय?

बिसराम : अन् पोतं उचलून दाखव म्हनला तं?

रुख्मा : तं उचला. एकच डाव. मी मागून हात लावते. दुखलं तरी तोंड वाकडं नका करू.

बिसराम : खुंट हाडापर्यंत दुखते वो थंडीत.

रुख्मा : मालूम आहे मले. राती मीच शेकून देते ना? आज पोरगीसाठी करा. चला, हासतमुख निघा.

पाहुणा : (अंगणात, फोनवर) हॅलो सर, इंद्रकुमार बोलतो. हो, त्या हमालाच्याच घरी. अंगणात उभा आहे. नाही सर, आपल्या विमा कंपनीचं नाव काढायची वेळच नाही आली. बाई मला मुलाकडचा माणूस समजून राहिली. हो ना! मी काही खोटं बोललो नाही, तीच बोलली, मी नुसती मान हलवली. दुसरा मोबाइल खिशात रेकॉर्डिंगवर सुरूच आहे. पोतं उचलतो म्हणे, दूध काढतो म्हणे. म्हणजे त्यांचे शंभर टक्के तर गेले. आता साठवर येतो. चालू मशीनमध्ये हात घालू नका असा मालकाचा हुकूम होता, अन् यानं तो जाणूनबुजून मोडला, एवढं यांच्याच तोंडून निघालं की साठही द्यावे लागत नाहीत. कायद्यातच आहे तसं. माणूस पुरा निकामी झाला असता, तर हा मुद्दा चालला नसता सर. पण निकामी नाही, हे त्याची बायकोच सांगून राहिली. काय? दारू नाही पीत. तिथं काही जमलं नाही. हो, व्हिडिओचं बघतो. ठेवतो आता, चहा आला.

रुख्मा : घ्या जी. अन् हे आमचे मालक.

बिसराम : जयभीम.

पाहुणा : जयभीम, जयभीम. बसा भाऊ. तुमचं लय नाव ऐकलं. मिलमध्ये किती वर्षं होते?

बिसराम : सतरा.

पाहुणा : सतरा वर्षं! म्हणजे मशीनची नस न् नस माहीत असेल. झालं कसं मग?

बिसराम : पट्ट्यात धान अटकला. काढाले गेलो. बाही ओढली गेली.

पाहुणा : मशीन चालू होती?

बिसराम : चालूच होती. मुनीमजी वरून बोंबलून राहिले होते का बंद करू नको, ट्रक उभा...

रुख्मा : जाऊ द्या ना, मुनीमजीचं कायले काढता पाहुन्यासमोर! असं आहे जी, हे कामाचे मोठे पक्के. मशीन बंद केली तं सुरू कराले अर्धा घंटा जाते. म्हनून हे चालू मशीनमंदीच हात घालत. बाकीचे हमाल भेत. हे नाही भेत.

पाहुणा : पण तिथं बोर्ड असतो ना? मशीन बंद करूनच हात घाला म्हणून.

रुख्मा : होता ना! लाल अक्षराचा, हा एवढा मोठा. मालक बी सांगत. पन याईनं कधी आयकलं नाही. हात इतका साफ होता जी याईचा. मालक सोता म्हने, बिसराम आहे म्हनून माझी मिल बंद पडत नाही.

पाहुणा : म्हणजे मालकानं सांगूनही ऐकायचे नाहीत. असा कामाचा नाद.

रुख्मा : नादच म्हना.

बिसराम : तसं नाही, रुख्मा. बोर्ड तं इन्स्पेक्टर येनार होता तवा लावला...

रुख्मा : तुमी चूप बसा ना. आपलं कोनाशी भांडन नाही जी. मालकाले आमी एका शब्दानं दोष देत नाही. आमी तसे लोक नाही.

पाहुणा : तेच आवडलं मला. भांडखोर सोयरे कोणाला पाहिजेत? बरं भाऊ, एक विनंती होती. घरी बाया आहेत ना, त्यांचा विश्वास बसत नाही. एका हाताचा माणूस पोतं उचलतो म्हटलं तर हसतील मला. एक छोटासा व्हिडिओ काढू का?

बिसराम : आता?

पाहुणा : उजेड चांगला आहे.

रुख्मा : काढा, काढा. ते भिंतीपासचं पोतं घ्या जी तुमी. चाळीस किलोचंच आहे.

बिसराम : रुख्मा.

रुख्मा : चला. मी आहे मागं.

पाहुणा : बाई, तुम्ही जरा बाजूला व्हा. मधात येता. नाही, आणखी बाजूला. दारापाशी जा.

रुख्मा : पोतं पाठीवर चढेपर्यंत हात लावते ना जी फक्त.

पाहुणा : मग एकट्यानं उचललं असं कसं दिसेल? लोक काय म्हणतील? हां, तिथंच उभ्या राहा. भाऊ, उचला.

बिसराम : ...हं.

रुख्मा : खुंटाचा रेटा द्या! खालून रेटा द्या!

पाहुणा : वा! असं. आता चार पावलं चाला. तोंड इकडं ठेवा, माझ्याकडं. हसा थोडं. भाऊ, हसा.

बिसराम : झालं का जी?

पाहुणा : एक मिनिट. उन्हाकडं पाठ आली, चेहरा काळा दिसतो. खाली ठेवा अन् परत एकदा उचला.

रुख्मा : परत?

पाहुणा : एकदाच हो. चेहरा नीट दिसला पाहिजे. नाही तर म्हणतील, दुसऱ्याच माणसाचा व्हिडिओ आणला.

रुख्मा : उचला ना जी. एक डाव. पोरगीसाठी.

बिसराम : ...हं... ए माय...

पाहुणा : बस, बस. झालं. ठेवा. एक नंबर! भाऊ, तुम्ही तर दोन हातवाल्यांना लाजवलं. आजची तारीखही आली यात.

रुख्मा : घाम आला फक्त. बाकी काही नाही. आता पोरगीले बलावू का? आतच आहे.

पाहुणा : नको, नको. तिला कशाला त्रास? माझं काम घर पाहायचं. ते झालं.

रुख्मा : मोठे समजदार आहा तुमी. नाही तं लोक पयले पोरगीच्या रंगावर बोट ठेवतेत. मंग... आमी का समजू जी?

पाहुणा : मला घर पसंत आहे. फार पसंत आहे. वरचे लोक काय ते ठरवतील, पण मी आहे ना सांगायला. निरोप येईल तुम्हाला. लेखी येईल.

रुख्मा : लेखी! आयकलं का जी?

पाहुणा : चहा छान होता. येतो. जयभीम, भाऊ.

रुख्मा : जयभीम. हळू जा, पुढं रस्त्यात गिट्टी टाकली आहे!

बिसराम : गेला?

रुख्मा : गेला. तोंडानं पसंत म्हनून गेला. तुमी बसा, बाजेवर बसा. आना, बाही वर करते. अगो माय! कातडं फाटलं. रगत आलं हो. थांबा, हळद आनते.

बिसराम : राहू दे. इकडं बस पयले.

रुख्मा : बसते, पन बांधू तं द्या. लय सोसलं तुमी आज. मी म्हटलं होतं ना, एकच डाव. त्यानं दोन डाव कराले लावलं मेल्यानं. पन जमलं.

बिसराम : मिलचं लय इचारे तो.

रुख्मा : बापाचा कामधंदा इचारनारच ना लोक.

बिसराम : बोर्डाचं बी? मशीन चालू का बंद, हे बी?

रुख्मा : बोलता बोलता निघालं असन.

बिसराम : हात किती इंच राहिला, हे तो इचारे. आतून तेवढंच आयकाले आलं मले. कोर्टाच्या डॉक्टरनं तसंच इचारलं होतं मले, पट्टी लावून.

रुख्मा : तुमच्या डोक्यात कोर्टच घुसलं आहे. हात इकडं करा.

बिसराम : पोरगी कितवी शिकली, इचारलं का त्यानं?

रुख्मा : मी सांगनारच होती.

बिसराम : सांगनार होती ते नाही इचारत मी. त्यानं इचारलं का?

रुख्मा : ...नाही.

बिसराम : नाव? तिचं नाव तरी इचारलं का वो, एक डाव?

रुख्मा : हळू बोला. आत रचना आयकन. नवी साडी नेसून बसली आहे ते, सकारपासून.