आण्णांच्या तोंडावरचं वारं

...आन् वर मलाच म्हणतोय, "मामा, कुणाला सांगू नका." आता मी कशाला सांगू हो? सख्खा भाचा हाय, बहिणीचं एकुलतं एक पोरगं, कसबा बावड्यात माझ्याच घरात राहून शिकतंय, त्येची अब्रू ती माझी अब्रू. मी एक शब्द कुणाला बोललेलो न्हाय. तुमास्नी तेवढं सांगतो, कारण तुम्ही काय परकं न्हाईसा.

तर ह्यो धैर्यशील डॉक्टर हाय. कसला डॉक्टर, हे मला अजून धड सांगता येत न्हाय, हीच पयली अडचण! आधी दातांचं शिकला. मी म्हटलं, झालं, आता बोर्ड रंगवाय टाकूया. तर म्हणाला, न्हाय मामा, अजून तीन वर्सं, तोंडाची आन् जबड्याची सर्जरी. म्हंजे कोण गाडीवरनं पडलं, जबडा मोडला, की ह्येनं तो तारांनी आवळायचा, पट्ट्या ठोकायच्या. बरं, लोकांना काय सांगायचं? दातांचा म्हटलं की ह्यो रुसतोय, सर्जन म्हटलं की लोक विचारत्यात, मूळव्याधीचं बघतोय काय? आन् सदानकदा तिथंच, हॉस्पिटलात, संयोगिता मॅडमच्या हाताखाली. ह्या मॅडम त्येंच्या डिपार्टमेंटच्या मुख्य. बाई आवाज चढवत न्हाय म्हणं कधी, नुसती चष्म्यावरनं बघती, आन् पोरं घामानं भिजत्यात.

तर आमच्या शेजारचे हंबीरराव आण्णा. तरुणपणी तालमीत घुमलेलं अंग, मान अशी की शर्टाचं वरचं बटण उभ्या जन्मात लागलं न्हाय. असल्या गड्याची अक्कलदाढ ठणकायला लागली! भिंतीला डोकं लावून बसलते बिचारे. मी म्हटलं, आण्णा, घरचा डॉक्टर असताना कशाला सोसताय? चला आमच्या धैर्यशीलकडं, हात लई हलका. घरातनं निघताना सांगितलं, हात लई हलका. जिना चढताना सांगितलं. आण्णा खुर्चीत आडवे झाले तरी मी शेजारी उभा राहून तेच... हात लई हलका, मुंगी चावल्यागत बी वाटायचं न्हाय. आता मामानं भाच्याचं कौतुक करायचं न्हाय तर कुणी करायचं, सांगा की!

आन् हितंच सगळं वाटोळं झालं. कसं ते ऐका. खालची दाढ बधिर करायची तर सुई तोंडात पार मागं घालावी लागती. ती आत हाडाला टेकली पायजे. टेकली, की मगच औषध सोडायचं. ह्येंच्या शाळेतला हा पयला धडा, म्हंजे आपल्यात म्हशीनं पान्हा सोडल्याबिगर कोण धार काढतंय काय, तसं. पर सुई हाडाला टेकली की माणसाला जरा कळ लागती. आन् हितं मामा कानापाशी, हलका हात, हलका हात! पोराला वाटलं, आण्णांनी हूं बी करू नये. म्हणून हाड लागायची वाटच बघितली न्हाय त्येनं, अधांतरीच औषध सोडलं. आण्णा खूश. म्हणाले, कळलंसुदीक न्हाय की! मी मिशीवरनं हात फिरवला. धैर्यशील म्हणाला, बाहेर बाकावर बसा, ओठ जड झाला की आवाज द्या.

बसलो. ओठ काय जड होईना. तेवढ्यात संगं आलेल्या बयाबाई वहिनी, म्हंजे आण्णांची मंडळी, त्येंच्याकडं टक लावून बघायला लागल्या आन् हळूच म्हणाल्या, अवो, चारचौघांत डोळा काय मारताय? आण्णा म्हणाले, मी कुठं मारतोय? आन् परत मारला. आता ह्या वयात...! मी आपला दुसरीकडं बघितलं. मग आण्णांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली, तर पाणी उजव्या गालातनं खाली, थेट सदऱ्यावर. बघतोय तर अर्धं तोंड लोंबायला लागलेलं. डावा डोळा मिटतोय, उजवा टक्क उघडा. वहिनींनी जी किंकाळी फोडली, "वारं गेलं वो माझ्या धन्याच्या तोंडावरनं!"

वारं म्हंजे लकवा, हे आपल्याकडं शेंबड्या पोराला ठावं हाय. अख्खा कॉरिडॉर गोळा झाला. धैर्यशील बाहेर आला, त्येनं बघितलं, आन् त्येला एका क्षणात कळलं. वारं न्हाय न् काय न्हाय. ह्येचंच औषध भलत्या नसेवर गेलेलं, बधिर व्हायची दाढ आन् बधिर झाला चेहरा. दोन-तीन तासांत आपोआप उतरतंय. हे एवढं एक वाक्य बोलायचं होतं हो! घाबरू नका, माझ्या हातनं चुकलंय, उतरतंय. पर आण्णा लहान पोरागत त्येच्याकडं बघत होते, मी छाती फुगवून बाजूला उभा... आन् हा म्हणाला, बी.पी.मुळं असंल, बघतो. आन् आत पळाला. मला वाटलं, मॅडमला विचारायला गेला. नंतर मला सांगतोय, मामा, मॅडमकडं गेलोच न्हाय, नुसता बेसिनपाशी जाऊन उभा राहिलो, आरशात बघवंना.

तेवढ्यात हिकडं आण्णांच्या पोरानं, यशराजनं, गाडी काढली आन् आण्णांना घालून नेलं. हातकणंगल्याकडं एक पिराजी म्हणून हाय, तो वाऱ्यावर कबुतर उतरवतो. कबुतराला मारत न्हाय बरं का, जितं कबुतर धरून त्येचा पंख गालावरनं फिरवतो, तोंडानं कायबाय पुटपुटतो. धैर्यशील बाहेर आला तवा बाकावर मी एकटा. मी सांगितलं, पिराजीकडं नेलं. त्येनं कापूस आन् चिकटपट्टी घेतली, मला गाडीवर मागं बसवलं, आन् पंचगंगेचा पूल ओलांडल्यावर म्हणाला, मामा, वारं न्हाय ते, माझी चूक हाय... कुणाला सांगू नका. मी मागनं ज्या शिव्या दिल्या, त्या हेल्मेटमुळं त्येला निम्म्याच पोचल्या.

पिराजीच्या अंगणात ही गर्दी! आण्णा बाजेवर आडवे. माणूस कुस्तीत कवा भ्यालेला न्हाय, पर त्या वाकड्या तोंडानं पार खचून गेलता. वहिनींचा हात धरला आन् जेवढं बोलता येतंय तेवढं बोलले, "बये, बाळासोला बोलावून घे. एका फेट्यापायी तुझं माहेर तोडलं मी. माझं चुकलं." बाळासो म्हंजे वहिनींचा भाऊ, जयसिंगपुरात त्येचं भांड्यांचं दुकान हाय. त्येंच्याकडच्या कुठल्याशा लग्नात आण्णांना फेटा बांधायचा राहिला, तवापासनं बोलणं बंद, आन् वहिनी माहेराच्या दारात गेल्या न्हाईत. त्या अशा रडल्या की माझ्या बी डोळ्याला पाणी आलं. मी धैर्यशीलला कोपरानं ढोसलं, बोल की आता. न्हाय बोलला. आता तुम्ही म्हणशीला, बरं झालं, तुटलेलं नातं जुळत होतं, कशाला मोडता घालायचा? पर तेवढ्यासाठी गप न्हवता तो. लाज वाटत होती. तसं त्येनंच मला सांगितलं. खाली बसला, आण्णांच्या उघड्या डोळ्यावर कापूस ठेवला, पट्टी लावली, आन् आण्णा त्येला म्हणाले, पोरा, तू लई केलंस. त्या एका वाक्यानं पोरगं जागच्या जागी मेलं.

मग काय, पिराजी पंख फिरवतोय, फिरवतोय... आन् औषधाची वेळ भरली. पयल्यांदा ओठ हलला, मग पट्टीखालची पापणी. गर्दीनं एकच गलका केला. पिराजीनं कबुतर पिंजऱ्यात घातलं आन् हात धुतले, काय थाट! तेवढ्यात बाळासो आला, येताना फेटा घेऊनच आलता. तिथंच बाजेवर आण्णांना बांधला. सगळी रडायलीत, हसायलीत, आन् हा आमचा शहाणा मधे उभा राहून एकाएकी बोलायला लागला! सगळं सांगितलं. सुई, हाड, नस, बी.पी.चं खोटं, सगळं. म्हणाला, आण्णा, तुम्हाला वारं गेलंच न्हवतं, माझ्या हातनं झालं ते, आन् मी भ्यालो.

मला वाटलं, आता ह्येला धरून बडवत्यात. आन् आण्णा हळूच म्हणाले, "बघा, ह्येला म्हणत्यात वळण. दुसऱ्याचं वारंसुदीक अंगावर घेतोय." सगळ्यांनी माना डोलावल्या! एका म्हातारीनं तर कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. पिराजीनं खांद्यावर हात ठेवून समजूत घातली, डॉक्टर, मनाला लावून घेऊ नका, एवढं वारं उठवायचं म्हंजे तसलं औषध पायजे, ते तुमच्याकडं कुठलं? आता हसायचं का रडायचं? खरं बोलला तर कोण खरं मानंना! घरी आल्यावर पोरगं जेवलं न्हाय. म्हणालं, मामा, शिव्या दिल्या असत्या तर झोप तरी लागली असती. आन् परत तेच, कुणाला सांगू नका. अरं, सगळं अंगण ऐकत होतं की लेका!

बरं, ह्या सगळ्यात दाढ? दाढ होती तिथंच! आठवड्यानं परत ठणकायला लागली. आण्णा म्हणाले, जायाचं तर धैर्यशीलकडंच. पर इंजेक्शन घेताना पिराजी शेजारी पायजे, कबुतरासकट. मी हात जोडले, वहिनींनी शपथ घातली, पर तालमीतला माणूस, एकदा मांड ठोकली की ठोकली! तर तसंच गेलो. खुर्चीत आण्णा, डाव्या हाताला पिराजी, त्येच्या मांडीवर पिंजरा, पिंजऱ्यात कबुतर घुमायलंय, आन् धैर्यशील हातात सुई घेऊन देवाचा धावा करतोय, की मॅडम येऊ नयेत. आल्या. चष्म्यावरनं आधी कबुतराकडं बघितलं, मग पिराजीकडं, मग ह्येच्याकडं. विचारलं, हे कोण?

आता मॅडमला त्येनं काय सुदीक सांगितलेलं न्हवतं हो. वाटलं, हितं तरी काय थाप मारंल. मारायला पायजे होती! पर पोरगं मान खाली घालून म्हणालं, "मॅडम, मागच्या वेळी मी हाड न लागताच औषध सोडलं. आण्णांचं तोंड वाकडं झालं. तुम्हाला सांगितलं न्हाय. मग ह्यांनी निस्तरलं."

मॅडम आवाज चढवत न्हाईत, हे खरंच हाय. त्येंनी ह्येच्या हातातनं सुई काढून घेतली, पिराजीला नमस्कार केला, आन् धैर्यशीलला म्हणाल्या, "बाजूला हो, आणि तो पिंजरा धर."

धरला की. काय करतोय.