बसण्याचा दिवस

नको, नको, नको! सरकू नका, जागा करू नका, आणि 'बसा हो जरा, पाय दुखले असतील' असं तर चुकूनही म्हणू नका! मी उभाच बरा. शर्टाकडे बघून हसू नका, त्याचंही सांगतो. आणि तुम्ही, खुर्चीतले, मान हलवू नका, कानाशी कात्री आहे. काय म्हणालात? सहल कशी झाली? विचारलंत ना शेवटी? मग आता ऐका. मागे बाकावर बसलेल्यांनीही ऐका, नाहीतरी नंबर लागेपर्यंत जाणार कुठे तुम्ही!

तुम्हाला सांगतो, सहलीला जावं, जरूर जावं, पण ज्या घरातली बाई शाळेत वेळापत्रक बनवते त्या घरातून जाऊ नये! आमची ही बनवते. अख्ख्या शाळेचं. कुठल्या वर्गाला कधी गणित, कधी चित्रकला, कोणते सर कधी मोकळे... आणि कोणीही सर मोकळे दिसले की हिला रात्रभर झोप लागत नाही. अशा बाईच्या हातात तुम्ही थीम पार्कची पाच दिवसांची सहल द्या! लोक काय करतात? जातात, पाळण्यात बसतात, ओरडतात, उलट्या करतात, घरी येतात. सुखी लोक! आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे रोज एक थीम. पाण्याचा दिवस, भुतांचा दिवस, जंगलाचा दिवस, राजेशाही दिवस. त्या दिवशी कपडे त्याचे, खाणं त्याचं, राइड त्याच्या, गप्पासुद्धा त्याच्याच. मी एकदा पाण्याच्या दिवशी गाडीच्या हप्त्याचा विषय काढला, तर ही म्हणते, "अहो, आज पाणी आहे. थीम म्हणजे थीम!"

आता प्रत्येकाला एक दिवस वाटून दिलेला. धाकट्याला पाणी. थोरलीला भुतं, ती तशीही वर्षभर काळेच कपडे घालते. सासूबाईंनी जंगल मागून घेतलं. हिचा स्वतःचा राजेशाही, त्यासाठी जांभळा झगा शिवला होता, रोज कपाटातून काढून बघायची आणि परत ठेवायची. आणि शेवटचा दिवस... शेवटचा दिवस बाबांचा! माझा! मला विचारलं, "अहो, तुमची थीम काय?" मी म्हटलं, बसणे.

हसा, हसा! पण मला सांगा, माझा धंदा काय? सकाळी शटर वर गेल्यापासून खाली येईपर्यंत माझ्यासमोर एक खुर्ची असते. चांगली गुबगुबीत, वर-खाली होणारी, मागे कलणारी. आणि तिच्यात कायम दुसराच कोणीतरी बसलेला असतो! इतकी वर्षं मी त्या खुर्चीच्या मागे उभा आहे हो. पोटऱ्यांच्या शिरा बघाल तर घाबराल. माणसाने काय मागावं? एक बाक, एक झाड, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत 'उठा' म्हणणारं कोणी नसावं. बस! पण दरवर्षी माझा दिवस शेवटी, आणि दरवर्षी काहीतरी तो गिळणार. एका वर्षी धाकट्याला ताप. एका वर्षी सासूबाईंची पर्स पाळण्यात राहिली, ती अख्खा दिवस आकाशात फिरत होती आणि आम्ही खाली माना वर करून उभे. उभे!

तर यंदा गेलो. गेटवर पोचलो, डोक्याला पोहण्याचे चष्मे, कमरेला फुगवलेल्या रिंगा, सासूबाईसुद्धा रिंगेत... आणि गेटवर पाटी. 'दुरुस्तीसाठी आज बंद.'

बरं, साध्या घरात काय होतं? एक दिवस बुडाला, बुडाला. पण हिने पाटीकडे असं बघितलं, जसं एखाद्या न सांगता रजेवर गेलेल्या मास्तराकडे बघावं. म्हणाली, "काही हरकत नाही. शाळेत अचानक सुट्टी आली की आम्ही तास बुडवत नाही, पुढे ढकलतो. आजचं उद्या, उद्याचं परवा." मी म्हटलं, "आणि शेवटच्या दिवसाचं?" म्हणते, "ते... ते बाहेर पडतं." अहो, बाहेर पडतं म्हणजे? मी पडलो ना बाहेर! मी म्हटलं, "पाणी गाळ, पाणी बुडालं ना?" तर धाकटा रिंगेतूनच रडायला लागला. मग मी काय बोलणार? गप्प बसलो म्हणत नाही. गप्प उभा राहिलो.

आता गंमत ऐका... गंमत कसली, कपाळ! हिने दिवस ढकलले, पण जेवणाची आणि राइडची बुकिंग? ती तारखेवर झालेली! ती कशी सरकतील? दुसऱ्या दिवशी कपडे पाण्याचे आणि तिकिटं भुतांच्या भुयाराची! मी म्हटलं, "अगं, मग आज भुतांचेच कपडे घालू." तर, "छे! मग पाण्याचं काय? थीम म्हणजे थीम!" गेलो. अंधारं भुयार, सांगाडे लोंबतायत, किंचाळ्या, आणि मधून आम्ही पाच जण रिंगा घालून एकामागोमाग एक! एक भूत अंगावर आलं, आम्हाला बघितलं आणि भिंतीला टेकून हसायला लागलं. शेवटी तेच म्हणालं, "काका, तलाव त्या बाजूला आहे."

तिसऱ्या दिवशी भुतं होऊन जंगलात. तिथे लहान मुलांचा नाश्ता होता, प्राण्यांसोबत. आम्ही पांढरी तोंडं करून आत शिरलो आणि जो काही आकांत झाला! दूध सांडलं, पोरं टेबलाखाली, एक आई मला म्हणते, "लाज नाही वाटत?" वाटते हो! खूप वाटते! पण वेळापत्रकात तिला जागा कुठे आहे?

चौथ्या दिवशी जंगल. म्हणजे कपडे जंगलाचे, जेवण राजवाड्यात. सासूबाई ससा. गुडघ्याला पट्टा, डोक्यावर लांब कान, चेहरा अगदी गंभीर. आणि मी अस्वल. का, तर पोट आहे, वेगळं भरायला नको! केसाळ पोशाख, वर हे एवढं डोकं, त्यात नाकापाशी दोन भोकं, हवा त्यातूनच आत येणार आणि त्यातूनच बाहेर जाणार, दोघींची तिथेच भांडणं. राजवाड्याबाहेर ही लांब रांग. उभे! मला घेरी यायला लागली. म्हटलं, मागे जाऊन डोकं काढू. मागे गेलो, तर चेन अडकली. खेचतोय, खेचतोय, आणि तेवढ्यात शिट्टी!

"ए अस्वल!" पार्कचा सुपरवायझर, हातात वॉकीटॉकी. "इथे काय टंगळमंगळ चाललीय? तिकडे पोरं खोळंबलीत!" मी आतून सांगतोय, अहो मी गिऱ्हाईक आहे, मी पैसे भरून आलोय, पण बाहेर फक्त "हुंऊं हुंऊं" जातंय. तो खूश! "आवाज झकास काढतोस रे! नवीन का?" आणि मला दंडाला धरून नेलं. कुठे? खोट्या झाडाखाली, खोट्या ओंडक्यापाशी. पण त्या ओंडक्यावर, तुम्हाला सांगतो, खरी गादी होती. तो म्हणाला, "इथे बस. पोरं येतील, फोटो काढतील. आणि काहीही झालं तरी उठायचं नाही."

उठायचं नाही!

अहो, पन्नाशीला आलो, आजवर मला असं कोणी म्हणालं नव्हतं. आईसुद्धा नाही! मी बसलो. सावली होती, वारा होता, भोकांतून समोर कारंजं दिसत होतं. पोरं यायची, मांडीवर बसायची, अंगावरचे केस ओढायची, जायची. कोणी 'बाजूनी जरा कमी करा' म्हणत नव्हतं. आणि मला त्या डोक्याच्या आत... काय सांगू... भरूनच आलं. नाक पुसायचं तर हात पोचेना.

आणि मग ती आली. मागे ससा, मागे माकड, मागे काळी मांजर. माझ्यासमोर उभी राहिली, पायांतले बूट ओळखले. "अहो! तुम्ही बसलात? आम्ही सगळीकडे शोधतोय आणि तुम्ही चक्क बसलात? आज जंगल आहे!" सुपरवायझर धावत आला. "बाई, आमच्या अस्वलाला त्रास देऊ नका." ही अशी गर्रकन वळली. "तुमचं? हे माझं अस्वल आहे!" सासूबाई कान सावरत म्हणाल्या, "आमचे जावई आहेत ते." आणि हिने एका हिसक्यात डोकं उपटलं. चेनसकट.

माझं तोंड बघून म्हणाली, "अहो, रडताय?" मी म्हटलं, घाम आहे. "मग उठा ना." मी म्हटलं, "मला उठायचं नाही गं. कोणीतरी मला बस म्हणालं." एवढंच बोललो. मांडीवरचं पोरसुद्धा उतरून गेलं बिचारं.

त्या संध्याकाळी जेवतानासुद्धा थीमचा 'थ' नाही. आणि सकाळी उठून बघतो, तर जांभळा झगा घडी घालून बॅगेत परत गेलेला. ही साध्या कपड्यांत. म्हणाली, "आज तुमचा दिवस." मी म्हटलं, "अगं, आणि तुझं राजेशाही?" म्हणते, "असू दे. राणी काय, घरी आहेच मी." आणि बॅगेच्या तळातून पाच शर्ट काढले. प्रत्येकाच्या मापाचे, छातीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं, 'बसा'. म्हणजे घरूनच छापून आणलेले हो! म्हणजे माझा दिवस ती विसरली नव्हती. माझा सगळा राग तिथेच वितळला. मी म्हटलं, हिच्याइतकी चांगली बाई जगात नाही. आणि मग तिने पुठ्ठा काढला.

पुठ्ठ्यावर काय होतं माहितीय? बाक! पार्कातले सगळे बाक! रात्रभर जागून बसवलेले! पहिला तास कारंज्याचा बाक. दुसरा तास बदकांच्या तळ्याचा. तिसरा मागच्या गेटाचा, चौथा टेकडीवरचा... टेकडीवरचा हो! मी म्हटलं, "अगं, एकाच बाकावर बसू की." ही म्हणते, "दिवसभर एकच? कंटाळाल! तुमचा दिवस कसा भरगच्च झाला पाहिजे." आम्ही पाच जण ओळीने बसायचे, 'बसा', 'बसा', 'बसा', 'बसा', 'बसा'. जरा कुठे पाठ टेकली, जरा डोळा लागला, की टाळी! "चला, तास संपला!" उठा, चाला, पुढचा बाक. तिथे आधीच दुसरं कुटुंब बसलेलं. मग त्यांच्या मागे आम्ही उभे. बाकासाठी रांग लावलेलं घराणं पाहिलंय कुठे? मी म्हटलं, पुढच्यावर जाऊ. "क्रम चुकेल. थीम म्हणजे थीम!"

संध्याकाळी पाय बुटांतून निघेनात. आणि ही माझ्याकडे बघतेय, डोळे असे चमकतायत, सगळा राजवाडा सोडून दिलेला त्या डोळ्यांनी... "झालं ना मनासारखं?" आता सांगा! तुम्ही काय म्हणाला असता? मीही तेच म्हणालो. झालं.

काल घरी आलो. दारातून थेट माझ्या खुर्चीवर पडलो. नुसता टेकलोय, तर स्वयंपाकघरातून आवाज. "अहो, बसलात कसे? बसण्याचा दिवस झाला तुमचा! आज आवराआवर. थीम म्हणजे थीम!" आणि आज सकाळी हाच शर्ट हातात दिला, म्हणे, नवाकोरा आहे, दुकानात घाला, शोभतो तुम्हाला.

हं, झाले तुमचे केस. उठा, झटकतो मानेवरचे. पुढचे कोण, तुम्ही? या. अहो, या ना, उभे काय राहिलात? वाचता येतं ना छातीवरचं? मग बसा. ते वाचणाऱ्यासाठी आहे, घालणाऱ्यासाठी नाही.