पहिला निरोप

मामा : फायरवॉल म्हणतेय ना, बाहेरून कोणी झडप उघडली नाही? म्हणूनच पंपघरातल्या लंबूला घरी बसवला. मग आता कशाला उकरत बसलीस?

भाची : ती चुकीचं म्हणतेय म्हणून. तू टाकीत उतरला होतास नि अचानक पाणी आलं, तेव्हा झडप लंबूकाकांनी उघडली नव्हती.

मामा : पंपघरात तो एकटाच होता. बटण त्याच्या नाकासमोर.

भाची : बाहेरूनही हुकूम येऊ शकतो, मामा. पंपाच्या कंपनीला दाब वाचायला नेटवरून एक वाट दिलीय. वाचायचा निरोप आला तर सोडायचा, उघडायचा आला तर अडवायचा.

मामा : ते फायरवॉल बघते.

भाची : तिला मुळात एवढंच कळतं, पॅकेट कुठून आलं नि कुठे चाललं. त्याच्या पोटात कुठला निरोप आहे ते ओळखणारा जोड-प्रोग्राम मी लिहिला. आणि तो पहिला निरोप वाचून थांबतो.

मामा : म्हणजे? मला कळेल असं बोल.

भाची : त्या दिवशी कंपनीचा माणूस तिकडून तपासणी करत होता. टाकीत कोणी आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याच्या मशीननं एकाच पॅकेटात दोन निरोप कोंबले. आधी 'दाब सांग', मागोमाग 'झडप उघड'. माझ्या जोडानं पहिला बघितला आणि अख्खं पॅकेट आत सोडलं.

मामा : तपासून नव्हतं बघितलंस?

भाची : बघितलं की. तपासायची पॅकेटं मीच बनवली, प्रत्येकात एकेकच निरोप. स्वतःच पेपर काढला, स्वतःच सोडवला. नापास कशी होणार?

मामा : हे कोणाला माहितीये?

भाची : तुला.

मामा : मग गप्प बस. मी शिडी धरून वर आलो, गुडघ्याला लागलं तेवढ्यावर भागलं. जोड दुरुस्त कर आणि विषय संपव.

भाची : आणि लंबूकाका?

मामा : त्याला दुसरीकडे काम मिळेल. तुझी नोकरी गेली तर ताईला काय तोंड दाखवू? तुला इथे चिकटवायला मीच साहेबांच्या मागे लागलो होतो.

भाची : मामा, ते तुझे दोस्त आहेत.

मामा : माहितीये मला.

(मामाचा फोन वाजतो. तो नाव बघून फोन पालथा ठेवतो.)

मामा : मी त्याच्या कानाखाली वाजवली.

भाची : कधी?

मामा : वर आलो तसाच, ओल्या कपड्यांत. सगळे बघत होते. तो 'मी नाही रे' म्हणत होता, मी पुरतं बोलूही दिलं नाही. हातसुद्धा नाही उचलला त्यानं.

भाची : मला नव्हतं माहीत.

मामा : फोन येतोय त्याचा. मी उचलत नाही. लाज वाटते गं. तेव्हा रागानं नाही उचलला, आता लाजेनं.

भाची : मी साहेबांकडे चाललेय. जे होईल ते होईल.

मामा : ताईला मी समजावीन.

भाची : तू येतोस माझ्याबरोबर?

मामा : नाही. मी लंबूकडे जातो.

भाची : काय सांगशील त्यांना?

मामा : सांगणार काय? आज त्यानं बोलायचं, मी ऐकायचं.