नाईक सरांचा पियानो आणि येता रविवार

नाईक काकू, सरांच्या शाळेतले शिक्षक, टोकरखाड्यातले शेजारी आणि सायली गावच्या कारखान्यातून शिफ्ट बदलून आलेल्या माझ्या कंपनीतल्या मंडळींनो,

मी संजय. कंपनीत धाग्याच्या खोक्यांवरची लेबलं तपासतो. शाळा नववीत सुटली. सरांबद्दल बोलायला माझ्यापेक्षा शिकलेली माणसं इथे बसली आहेत, म्हणून लिहून आणलंय. चार वेळा लिहिलं. तरी ओळीवर बोट ठेवून वाचतोय. सांभाळून घ्या.

मंगळवारी नाईक सर गेले. आज आपण बसलोय त्याच या हॉलमध्ये, महिन्याच्या शेवटच्या रविवारी, सर एकटे पियानो वाजवायचे. दापोलीचा माणूस, मुंबईत तरुणपणी हॉटेलात पियानो वाजवलेला, मग इथल्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. हा पियानो त्यांनी दमणच्या एका घरातून टेम्पोत घालून आणला. आम्ही सहा जणांनी उतरवला.

पहिला कार्यक्रम आठवतो? सरांनी रॅगटाईम हे जुनं अमेरिकन नाचाचं संगीत सुरू केलं. डावा हात ठाम, धप-धप, धप-धप. उजवा मात्र ठोका चुकवून उड्या मारणारा. दोन मिनिटांत आमचे फिटर नाना पाटील उठले. धुळ्याचे ते. म्हणाले, "ओ सर, थांबा! उजवीकडचं मागे पडी राहिलं. पट्टा ढिला आहे का? पाना आणू?"

सगळा हॉल हसला. नाना, तुम्ही आता मान खाली घालू नका. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "पाटील, तुम्ही बरोबर ऐकलंत. डावा हात म्हणजे कंपनीचा भोंगा. उजवा म्हणजे तुम्ही. रोज उशिरा निघता, पण गेट बंद व्हायच्या आत पोचता की नाही?"

"पोचतो ना!"

"मग ऐका, कसे पोचता ते."

आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. त्या दिवशी आम्हाला रॅगटाईम कळलं. त्या दिवसापासून सर वाजवता वाजवता गोष्टी सांगायला लागले. एखादी जुनी युरोपातली शास्त्रीय धून आधी लिहिली आहे तशीच वाजवायचे. मग तीच जॅझमध्ये. म्हणायचे, "सूर तेच आहेत. नंदुरबारहून इकडे मसाटला कामाला आलेत, म्हणून चाल बदलली." आमच्या लोकांना हे समजावून सांगावं लागलं नाही.

आता मला अवघड वाटतं ते सांगतो.

दोन वर्षं सर मला शिकवत होते. एकच रॅगटाईम. गेल्या महिन्यात त्यांनी इथूनच जाहीर केलं, "आता संजय वाजवेल." आणि मी मागच्या दाराने निघून गेलो. पाण्याच्या टाकीमागे उभा राहिलो. सर पियानोपासून बाजूला होऊन, हात मागे बांधून वाट बघत होते. मला खिडकीतून दिसत होते. मी आलो नाही. कोणी म्हणालं, "सर, तुम्हीच वाजवा." सर म्हणाले, "नाही. ही जागा त्याची आहे. आज रिकामी राहील." आणि तेवढा वेळ खरंच रिकामी ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो. त्यांनी विचारलं, "चुकशील म्हणून पळालास?"

"हो, सर."

"कुठे चुकतोस?"

"तिसऱ्या ओळीत. दर वेळी."

"मग पहिल्या दोन ओळी लोकांना का नाही दिल्यास?"

त्या दिवसापासून रोज त्या दोन ओळी टेबलावर बोटांनी वाजवतोय.

काकू, परवा तुम्ही म्हणालात, "आता झाकून टाका तो. यांच्या पियानोवर कुणी चुकीचं वाजवलेलं मला ऐकवणार नाही." तुमचं बरोबर आहे. मी चुकणार. तुमच्यासमोर, सगळ्यांसमोर आधीच सांगतो. तिसऱ्या ओळीत चुकणार.

पण येत्या रविवारी पाच वाजता कार्यक्रम होणार. मी बोर्ड लिहून गेटवर लावलाय. तुम्हाला विचारायच्या आधी लावला, त्याबद्दल रागवा. बोर्ड काढणार नाही.

पियानोच्या झाकणाची किल्ली तुमच्याकडे आहे. ती मागायला मी घरी येणार नाही, कुणाला पाठवणारही नाही. रविवारी तुम्ही आणलीत, तर वाजवीन. नाही आणलीत, तर बंद पियानोशेजारी उभा राहून सरांच्या गोष्टी सांगेन. बोलायची मला किती भीती वाटते, ते तुम्ही आत्ता बघताच आहात. तरी सांगेन. पळणार नाही.

मंडळी, आता उभे राहूया. धून संपली तरी सर पट्ट्यांवरून हात लगेच उचलत नसत. शेवटचा सूर लाकडात पूर्ण विरेपर्यंत तसेच बसून राहत, आणि कुणी आधी टाळी वाजवली तर डोळ्यांनीच थांबवत. किती वेळ, ते इथे सगळ्यांना माहीत आहे. तेवढा वेळ शांत उभे राहूया.

सर, नमस्कार करतो.